बाभळीखालची खूण

आमच्या वस्तीत उम्म अज्रामचा डोंगर सगळ्यांत जास्त वेळा कोणी चढला असेल, तर सुवेलिमने. निदान शेकोटीजवळ बसून तरी. चहाचा दुसरा पेला हातात आला की तो डोंगराच्या पायथ्याशी असायचा आणि चौथ्या पेल्यापर्यंत माथ्यावर. बाहेरून आलेल्या गिर्यारोहक पाहुण्यांना मात्र तो खालच्या खिंडीपर्यंत नेई. वर वारा फार आहे, असं सांगून तिथूनच परत आणी. वारा नेहमीच फार असायचा.

यंदा नफ्लाने वाटाड्या व्हायचं ठरवलं. नफ्ला म्हणजे सुवेलिमच्या चुलत भावाची मुलगी. बाप नाही, शेळ्या थोड्या, पाय मजबूत. वस्तीत कुजबुज झाली. शेवटी शेख म्हणाले, "सुवेलिमला सोबत घेऊन ती उम्म अज्राम चढून दाखवू दे. माथ्यावरून धूर दिसला, तर हिवाळ्यातले पाहुणे तिचे. नाही दिसला, तर शेळ्या आहेतच." साक्षीदार म्हणून मला पाठवलं, कारण दोघांनाही अक्षरं मीच शिकवली होती. नफ्ला लवकर शिकली. सुवेलिमला अजूनही काही अक्षरांची ओळख व्हायची आहे.

पहाटे निघालो. नफ्लाच्या पाठीवर पाण्याचे दोन कॅन होते. सुवेलिमच्या कमरेला एक लहानशी बाटली.

"काका, एवढंच?" नफ्लाने विचारलं.

"पोरी, पाणी पाठीवर वाहतात ते पाहुणे. आमच्यासारख्यांना डोंगर ओळखतो."

डोंगराने ओळख दाखवायच्या आधीच सुवेलिमला चहाची आठवण झाली. पहिल्या वळणावर त्याने काटक्या गोळा केल्या. "उस्ताद दमलेत," तो म्हणाला. मी दमलो नव्हतो, पण वडीलधाऱ्याच्या नावाने मागितलेला चहा नाकारायचा नसतो. पाणी अर्थातच नफ्लाच्या कॅनमधलं. पुढच्या वळणावर पुन्हा चहा, कारण वाटेत भेटलेल्या मेंढपाळाला तसाच कसा जाऊ देणार? त्याच्यापुढच्या वळणावर कोणीच भेटलं नाही, म्हणून कोणीतरी येईल याची वाट बघत आणखी एक चहा. वाळवंटात पाणी जपून वापरावं यावर सुवेलिम फार सुंदर बोलला. बोलून घसा कोरडा पडल्यावर नफ्लाचा दुसरा कॅनही उघडला गेला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही शेवटच्या कड्याखालच्या सपाटीवर पोचलो. आमच्याकडे पाण्याचा थेंब नव्हता. तिथे एकुलती एक बाभूळ आहे आणि तिच्या फांदीला आमच्या वस्तीतल्या उम्म जदीच्या पाण्याचे दोन कॅन टांगलेले होते. म्हातारी शेळ्या घेऊन त्या बाजूला येते.

झाडाला टांगलेल्या वस्तूला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. वर्षभर लटकू दे, तशीच राहते. फक्त तहानलेल्याला पाणी प्यायची मुभा आहे, पण एका अटीवर. प्यायल्यावर झाडाखालच्या दगडावर आपली खूण कोरायची आणि मालक भेटल्यावर स्वतः सांगायचं. खूण असली की तो पाहुणा. नसली की चोर.

नफ्लाने एक कॅन उतरवला. मला पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली आणि दगडावर दोघांच्या वतीने आपली खूण कोरली. ठळक, सगळ्यांना दिसेल अशी. मग दुसरा कॅन सुवेलिमपुढे धरला.

"मला? तहान?" तो हसला. ओठ चिकटलेले असल्यामुळे हसू अर्धंच उमटलं. "तू जा वर. मी शंभरदा जाऊन आलोय. माथा कंटाळलाय मला."

नफ्लाने कॅन परत टांगला आणि कड्याच्या भेगेत हात घातला. भेग अरुंद, दगड तापलेला. एकदा तिचा पाय निसटला आणि खडी माझ्यापर्यंत घरंगळत आली. ती थांबली, कपाळ दगडाला टेकवलं, मग पाय दुसरीकडे ठेवला. पुढचं बघवेना, म्हणून मी डोळे मिटले. सुवेलिमला वाटलं, म्हातारा झोपला. थोड्या वेळाने फांदी करकरली आणि कोणीतरी तहानलेल्या उंटासारखं घटाघटा पिऊ लागलं. दगडावर काही कोरल्याचा आवाज मात्र आला नाही.

मग माथ्यावरून रानदवण्याचा पांढरा धूर उठला.

दुसऱ्या दिवशी शेखांच्या तंबूत सगळे जमले. धूर सगळ्यांनी पाहिला होता. तरी सुवेलिमने घसा खाकरला. घसा आता चांगला ओला होता.

"धूर खरा. पण हिचं पाणी वाटेतच संपलं. दुसऱ्याचं प्यावं लागलं. उद्या पाहुण्यांना घेऊन गेली आणि झाडावर कॅन नसला तर?"

मुद्दा खोटा नव्हता. शेखांनी दाढीवरून हात फिरवला. नफ्लाने मान खाली घातली. चहा कोणी केला ते ती सांगू शकली असती, पण काकाबद्दल चारचौघांत बोलणार कशी?

तेवढ्यात दाराशी बसलेली उम्म जदी म्हणाली, "पोरीने मला कालच सांगितलं. पाणी तिला हलाल. पण कॅन दोन रिकामे आहेत, आणि खूण एक."

शेखांनी दाढीवरचा हात काढला.

"नफ्ला, दोन्ही तूच प्यायलीस?" शेखांनी विचारलं.

"एक. दुसऱ्याचं मला विचारू नका."

सुवेलिम माझ्याकडे वळला. "उस्ताद, तुम्ही तर झोपला होतात ना?"

"डोळे मिटले होते," मी म्हणालो. "कान मिटत नाहीत, बाळा."

एवढं बोलून मी गप्प बसलो. उत्तर आपल्याला माहीत असतं, पण ते मुलाच्या तोंडून यावं लागतं. मग ते मूल चाळिशी ओलांडलेलं का असेना. सुवेलिमने गालिच्याची झालर विंचरली, छताकडे पाहिलं, चूल न्याहाळली. चोर आणि तहानलेला यांतलं एक नाव निवडायला त्याला बराच वेळ लागला.

"मला... तहान लागली होती," तो शेवटी म्हणाला. "आणि चहासुद्धा माझाच. तिच्या पाण्याचा."

"झालं," शेख म्हणाले. "पाहुणे नफ्लाचे. तू आज जाऊन खूण कोर आणि म्हातारीचे कॅन भरून ठेव."

बाहेर पडल्यावर सुवेलिम नफ्लाच्या मागोमाग चालू लागला.  मग मी ऐकणार नाही अशा बेताने, म्हणजे मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाला, "त्या भेगेच्या वर... वाट डावीकडे जाते की उजवीकडे?"

नफ्ला थांबली. तिला हसू आलं होतं, पण तिने ते ओढणीआड ठेवलं.

"परवा पाहुणे घेऊन जातेय, काका. तुम्हीपण या," ती म्हणाली. "पाणी तुमचं तुम्ही आणा."