परतीची नळी

आमच्या ह्यांना गाड्यांतलं सगळं कळतं आणि माणसांतलं काही म्हणजे काही कळत नाही. लग्न झाल्यावर आठवडाभरातच ते माझ्या ध्यानात आलं. नशिबाला दोन शिव्या हासडल्या आणि कामाला लागले. घराला लागूनच गॅरेज, मधे एक दार. ते दार कधी बंद होत नाही, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघराला कायम ग्रीसचा वास. सगळी हयात सुटे भाग डिझेलमध्ये धुण्यात, बोल्ट डब्यांत निवडून ठेवण्यात आणि घाईवर आलेल्या गिऱ्हाइकांना थोपवण्यात गेली. तेव्हा हिला गाडीतलं काय कळतंय, असं मला कोणी म्हणू नये.

ह्यांचा एक कायदा आहे. तापलेलं लोखंड आणि रबर यांच्यात एक वीत अंतर पाहिजे. तरुणपणी ह्यांच्या डोळ्यांदेखत एक टेम्पो पेटला होता, रबराची नळी सायलेन्सरला टेकली म्हणून. तेव्हापासून डोक्यात जे बसलं ते बसलंच. माझ्या शेगडीच्या नळीलासुद्धा येता-जाता वीत लावून बघतात. मी म्हणते, अहो, भाजी करपतेय, बाजूला व्हा. तरी वीत लावून झाल्याशिवाय हलत नाहीत.

आमचा एकुलता एक पोरगा गेला तेव्हा त्याची गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात स्टँडवर चढवलेली होती. डोक्यातली नस फुटली. सकाळी दात घासताना खाली बसला तो उठलाच नाही. त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही. बोलून बघितलंय, काही उपयोग होत नाही.

गाडी जुनी, चौकोनी तोंडाची. इंजिन अगदी साधं, पण पोराच्या डोक्यात किडा, त्याला टर्बो बसवायचा होता. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारी चक्की. ती इंजिनात जादा हवा कोंबते, मग गाडीला जोर येतो. ही चक्की इतकी फिरते आणि इतकी तापते की तिला सारखं तेल लागतं. तेल वरून बारीक नळीने जोरात येतं. काम झालं की फेसाळतं आणि खालच्या जाड नळीने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटाखालच्या तेलाच्या टाकीत, परत जातं. या परतीच्या नळीतल्या तेलाला मागून ढकलणारं कोणी नसतं. नुसत्या उतारावर सगळा कारभार. नळी सरळ खाली उतरली तर ठीक. मधे झोळ पडला की तेल तुंबतं, चक्कीच्या आतून सायलेन्सरमध्ये झिरपतं आणि गाडी निळा धूर ओकायला लागते.

हे मला पोरानेच शिकवलं होतं. मी कांदा चिरत होते आणि हा दारात उभा राहून हातवारे करून सांगत होता. मी म्हटलं, मला कशाला सांगतोस, बापाला सांग. तो म्हणाला, बाबा ऐकून घेतील तेव्हा ना. आणि हसला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, बाप-लेकांचं तसंच चालायचं.

तो गेल्यावर बरेच दिवस ह्यांनी त्या कोपऱ्याकडे बघितलंही नाही. मग सूनबाईला दुसऱ्या शहरातल्या दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली. पोरगी गुणाची. आमच्याबरोबर राहिली, आमचं रडणं सोसलं, स्वतःचं दाबून ठेवलं. ती ह्यांना म्हणाली, "बाबा, त्याची गाडी मला पूर्ण करून द्याल का? तिथे एकटीच असणार मी. निदान गाडी त्याची असेल." ह्यांनी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी गाडीखाली शिरले.

खरं तर काम फारसं उरलंच नव्हतं, टर्बो पोराने बसवलेलाच होता. वायरिंग, रेडिएटरचं पाणी, बॅटरी. पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा शेजारचा लेथवालाही आला होता, ह्यांचा जुना दोस्त. इंजिन एका झटक्यात लागलं. माझा ऊर भरून आला, वाटलं पोरगाच खाकरला. आणि मग मागून जो निळा धूर निघाला म्हणता! सगळं गॅरेज भरलं, माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला. लेथवाला खाली वाकला, टॉर्चचा उजेड मारला आणि काही बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा गुडघे झटकत उठला आणि कामाचं निमित्त काढून गेला.

हे म्हणाले, टर्बो खराब आहे. दुसरा टर्बो आला. पुन्हा धूर. मग म्हणाले, इंजिनचंच तेल जळतंय. इंजिनचं डोकं उतरवलं, सगळं नवं घातलं. पुन्हा धूर. गिऱ्हाइकांच्या गाड्या अंगणात धूळ खात पडल्या आणि हे सकाळपासून त्या एका गाडीखाली. जेवायला दहा हाका माराव्या लागायच्या. आले तरी घास तोंडात घोळवत भिंतीकडे बघत बसायचे.

शेवटी एके दुपारी हे सामान आणायला बाहेर गेले, तेव्हा मी पदर खोचला आणि गाडीखाली सरपटत गेले. या वयात! वर बघितलं आणि मला तरी कळलंच. परतीची नळी टर्बोपासून निघून लांबून वळसा घालत इंजिनच्या पुढच्या बाजूला गेली होती, मधे चांगली खाली लोंबली होती आणि शेवटी थोडी वर चढून चेंबरला जोडली होती. झोळच तो. ज्याने कधी पाना हातात धरला नाही त्यालाही दिसावा असा. आणि ह्यांना दिसला नसेल? गाडीच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस हा.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं. नळी बघितलीत का? हे पायातल्या चपला काढत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, ती नळी त्याने बसवलीय, तिला हात लावायचा नाही.

मग हळूहळू बाहेर आलं. लेथवाला गावभर सांगेल, म्हणाले. एवढ्या मोठ्या मेकॅनिकचा पोरगा, स्वतःला टर्बो बसवणारा म्हणवायचा आणि साधा उतार काढता आला नाही. जाता जाता पोराच्या नावावर एवढी एकच गोष्ट राहिली आणि तीही चुकलेली. त्यापेक्षा टर्बो खराब, इंजिन खराब, सगळं जग खराब. ह्यांनी धडधाकट टर्बोला नावं ठेवली, चांगलं इंजिन उकललं, ते पोराचं चुकलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

माझा जीव कळवळला, खोटं कशाला बोलू. पण सूनबाईची जायची वेळ आली होती. तिने सामान बांधायला काढलं होतं. ही गाडी घेऊन ती एकटी एवढ्या लांब जाणार, आणि तुंबलेलं तेल कधी लाल झालेल्या लोखंडावर गळेल याचा नेम नाही. टेम्पो कसा पेटला हे मला लग्नापासून ऐकवणारा माणूस आता गप्प बसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, "एक लेकरू गेलं आपलं. त्याचं नाव राखायला आता दुसरं रस्त्यावर जाळायचंय का तुम्हाला?"

आमच्या घरात एवढं कडू आजवर कोणी बोललं नव्हतं. हे आत जाऊन पडले. मी ताटं तशीच झाकली. बोलले त्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळी मला जाग आली ती पान्याच्या आवाजाने. हे गाडीखाली होते. वळसा घालून गेलेली नळी त्यांनी काढली होती, पुसून, गुंडाळून फळीवर ठेवली होती. बेत असा होता की टर्बोच्या बरोबर खाली चेंबरला नवं भोक पाडायचं, तिथे तोटी वेल्ड करायची आणि नळी सरळ खाली सोडायची. त्यासाठी चेंबर उतरवावा लागणार होता. तेल काढलं, बोल्ट सोडवले आणि चेंबर माझ्यापुढे आणून ठेवला. धुवायचं काम माझं.

मी डिझेल ओतून ब्रशने आतली बाजू घासत होते. काळा थर निघाला तसा बोटांना एक उंचवटा लागला. गोल, वाटीच्या तळाएवढा. पत्र्याची चकती आतून बसवून चहूबाजूंनी वेल्ड केलेली. माझ्या पोराचं वेल्डिंग मी झोपेतही ओळखेन. बारीक, एकसारखं, कुठे घाई नाही. बाहेरून मात्र घासून, गुळगुळीत करून वर रंग दिलेला, काही पत्ताच लागत नव्हता. मला वाटलं, दगड लागून चेंबर फुटला असेल, त्याने ठिगळ लावलं. ह्यांना हाक मारून तसंच सांगितलं.

हे आले. चेंबर उजेडात धरला, मग इंजिनखाली जागेवर लावून बघितला. परत आले आणि चकतीवर बोट ठेवून उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"ठिगळ नाही हे," म्हणाले. "त्याने आधी तोटी इथेच काढली होती. बरोबर टर्बोखाली."

मी म्हटलं, मग बंद का केली?

ह्यांनी पोराच्या सामानाचा खोका उघडला, खालवर केला आणि तळातून एक आखूड, जाड नळी काढली. तिच्यावर चंदेरी अस्तर होतं, आच अडवणारं. दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्याचे वळ. म्हणजे नळी एकदा बसवून काढलेली. आम्हाला वाटलं होतं उरलेला तुकडा आहे, म्हणून इतके दिवस कोणी हात लावला नव्हता.

मग हे खाली बसले आणि बोलले. इतके दिवस साफ विसरून गेलेलं आता आठवलं होतं. एका सकाळी हे गॅरेजमधून बाहेर निघाले होते, घाईत होते. पोराने हौसेने हाक मारून दाखवलं, बाबा, नळी बसवली. ह्यांनी बोनेटवरून नुसतं डोकावलं. वाकून खालून बघितलंसुद्धा नाही. रबर लोखंडाच्या जवळ दिसलं आणि हे म्हणाले, एक वीत लांब घे, माझ्या गॅरेजात हे चालणार नाही. पोरगा म्हणत होता की अस्तर आहे बाबा, आणि लांब नेली तर उतार राहत नाही. ह्यांनी ऐकून घेतलं नाही, चालते झाले. संध्याकाळी येऊन बघितलं तर नळी एक वीत लांब होती. ह्यांना बरं वाटलं होतं, पोरगा ऐकतो म्हणून.

"चूक झाकत होतो ना मी त्याची," म्हणाले. "ती माझी होती."

मी जवळ बसले. उगाच नाही हो, तसं काही नाही, असलं खोटं समाधान मला देता येत नाही. नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला. डिझेलचा हात तसाच, सदऱ्यावर डाग पडला.

मग ह्यांनी पोराने लावलेली चकती कापून काढली. ग्राइंडर फिरत होता तोवर मला तिथे उभं राहवलं नाही. त्या भोकावर तोटी वेल्ड केली, नवं पॅकिंग घालून चेंबर चढवला आणि पोराची आखूड नळी लावली. कापावी लागली नाही, ओढावी लागली नाही. टर्बोपासून चेंबरपर्यंत सरळ उतरली. हे खाली पडून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होते. वीत लावली नाही.

सूनबाईला बोलावलं आणि गाडी सुरू करायला तिलाच बसवलं. इंजिन लागलं. आम्ही दोघं मागे उभे. ती हळूहळू ॲक्सिलरेटर दाबत गेली, चक्कीची शीळ ऐकू यायला लागली. गाडी चांगली तापू दिली. धूर नाही. मी सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरून बघितलं, एक डागही पडला नाही. सूनबाईने काच खाली केली आणि विचारलं, "बाबा, काय चुकलं होतं?"

हे म्हणाले, "त्याचं काही चुकलं नव्हतं, बाळ." आणि दोन दिवसांनी लेथवाल्यालाही गॅरेजमध्ये बोलावून तेच सांगितलं, कुणाचं चुकलं होतं ते नावानिशी. लेथवाला खाली मान घालून ऐकत राहिला.

त्या आठवड्याच्या शेवटी सूनबाई निघाली. मी डबा दिला, पाण्याच्या बाटल्या दिल्या, पोचल्यावर फोन कर म्हणून चारदा बजावलं. ती मला मिठी मारून रडली आणि मग डोळे पुसून गाडीत बसली. ह्यांनी बोनेट उघडून शेवटचं एकदा तेल बघितलं, बोनेट बंद केलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. हात काढेपर्यंत ती थांबली. मग गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

मी आत येऊन शेगडी पेटवली. हे येईनात म्हणून बघायला गेले. गॅरेजच्या कोपऱ्यात रिकामे स्टँड होते आणि हे त्यांच्यासमोर उभे होते. मला वाटलं, गिऱ्हाइकाच्या गाडीचा विचार चाललाय. जवळ गेले तर ओठ हलत होते.

"तुझं बरोबर होतं रे," हे म्हणाले. थांबले. पुन्हा म्हणाले, "तुझं बरोबर होतं. मी वाकून बघायला पाहिजे होतं."

आणि वाट बघत उभे राहिले. खरंच वाट बघत होते, मान जराशी कलती करून, पोराचं बोलणं ऐकताना कधी केली नव्हती तशी. ते बघून माझ्या काळजाचं पाणी झालं. कोणी तरी उत्तर द्यायला हवं होतं आणि तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "असू दे, बाबा."

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग तिथेच, तेलाने काळ्या झालेल्या फरशीवर, आम्ही दोघं म्हातारे एकमेकांना धरून रडलो.