रंगाखालचं पातं

तिने नाणं पात्यावर पुन्हा ठोकलं. टण्, टण्, टण्. आणि मग तळहाताएवढ्या जागेत ठप्प, जाड पुठ्ठ्यावर ठोकावं तसं. आतले थर एकमेकांना धरून नव्हते.

हेलिकॉप्टरचं हेच पातं तिने गेल्या आठवड्यात नाकारलं होतं, नेमक्या ह्याच जागी लाल फुली मारून. आज ते पांढरंशुभ्र होऊन तिच्या टेबलावर परतलं होतं.

“कुणी रंगवलं हे?”

उत्पादनाचे साहेब हसले. “बाई, तुम्ही पातं तपासताय की कलिंगड निवडताय?”

“कलिंगड कच्चं निघालं तर कुणी आकाशातून पडत नाही, साहेब.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेब जवळ आले, आवाज उतरवून म्हणाले, “ह्याचे थर कुणी रचलेत, विसरलात? तुमच्याच नणंदेने. पातं गेलं की तिची नोकरी गेली. एका नाण्यापायी घरात आग लावणार का?”

काचेपलीकडे नणंद काळ्या कार्बन कापडावरची निळी फिल्म सोलत उभी होती. हे काम तिला हिनेच मिळवून दिलं होतं. प्रत्येक थराची फिल्म सोलून खोक्यात टाकायची आणि शेवटी थरांच्या संख्येशी जुळवून पाहायची, कारण एक जरी आत राहिली तर तिथे थर चिकटत नाहीत, हेही हिनेच शिकवलं होतं.

तिची कानशिलं तापली. आपल्या माणसाचं नाव घेतलं की आपण गप्प बसू, हे ह्यांनी गृहीतच धरलं होतं. तिने विजेची करवत उचलली आणि पात्याच्या टोकाला लावली. फुली रंगाखाली जाते. कापलेलं पातं परत येत नाही.

“आत काही निघालं नाही, तर उद्यापासून येऊ नका!” साहेब ओरडले.

“नाही येणार.”

करवत घरघरली, तशी नणंद दार ढकलून धावत आली.

“वहिनी, थांब!”

तिने करवत बंद केली. “तुझ्यासाठी डोळ्यांवर कातडं ओढू का मी?”

नणंदेने हातमोजा काढला, पांढऱ्या रंगावरून बोटं फिरवत आणली आणि एका जागी टेकवली.

“टोकाला कापून काय होणार? हे तुलाच खोटं पाडतील. इथे काप. फिल्म चौथ्या थराखाली आहे.”

ती नणंदेकडे पाहतच राहिली. आत फिल्म राहिली आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. नाण्याला थर मोजता येत नाहीत; चौथा थर फक्त रचणारीलाच ठाऊक असणार.

“साहेबांना थर रचले त्याच दिवशी सांगितलं होतं,” नणंद पुटपुटली.

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

“आणि मला?”

नणंदेने मान खाली घातली. सकाळी दोघी एकाच डब्यातली पोळी मोडून खाऊन कामावर आल्या होत्या.

तिने करवत टोकावरून उचलली आणि नणंदेच्या बोटाशेजारी आणून टेकवली.

“मग धर पातं,” ती म्हणाली. “हलू देऊ नकोस.”