वहीतले सव्वीस

"सव्वीस," प्रतिक्षाने सांगितलं आणि लगेच वहीत लिहूनही टाकलं. खरे झाले होते तेवीस.

तिची आई सारजा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "किती म्हणलीस?"

"सव्वीस."

"मागल्या रविवारी पंचवीस हुतं. म्हंजी वाढलं की गं." आणि सारजा हसली. दिवाळीपासून त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

प्रतिक्षाला पंचवीस सांगूनही भागलं असतं. पण तोंडातून सव्वीस निघालं, आणि बाहेर पडलेला आकडा काही परत आत घेता येत नाही. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या पप्पांकडे तिने पाहिलंच नाही. बॅग भरायची होती. इंदापूरला जिल्ह्याचे सामने होते आणि सांगवीच्या शाळेच्या संघात पहिली चढाई तिची होती.

तिचे पप्पा म्हणजे गोकुळ, शाळेतले शिपाई. बावीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा दिली. पण गावात त्यांना शिपाई कुणी म्हणायचं नाही, सगळे पंच म्हणायचे. जत्रेतली कबड्डी असो की शाळेची, शिट्टी गोकुळच्याच गळ्यात. चढाई करणारा 'कबड्डी कबड्डी' म्हणता म्हणता मध्येच चोरून श्वास घ्यायला लागला, की पोरांच्या आरड्याओरड्यातही त्यांना ते बरोबर ऐकू यायचं. शिट्टी वाजायची आणि दोनच शब्द यायचे, "दम तुटला." एका जत्रेत शेवटच्या चढाईला त्यांनी सख्ख्या मेहुण्याचा, रणजितचा, दम तुटल्याचं सांगितलं आणि सासुरवाडीचा संघ हरला. त्यानंतर दोन वर्षं त्यांना सासरी चहा मिळाला तो बिनसाखरेचा. ते तोही निमूट प्यायचे आणि घरी येऊन बशीभर साखर खायचे.

मग एके दिवशी घंटेचा हातोडा त्यांच्या हातातून निसटला. दुसऱ्या दिवशीही निसटला. मुलं हसली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात विनया मॅडमनी तपासून सांगितलं, की मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या नसाच सुकत चालल्या आहेत, यावर औषध नाही. हात गेले, पाय जातील, मग श्वास. पण श्वासाची वेळ ओळखता येते, असं त्या म्हणाल्या. दर आठवड्याला एका दमात आकडे मोजायला लावा. गोकुळ म्हणाले, आकडे नको, मी कबड्डी म्हणतो. मॅडम हसल्या, चालेल म्हणाल्या. फक्त पंचवीसच्या खाली आलं की त्याच आठवड्यात इकडे या. श्वासाला आधार देणारं मास्कचं मशीन लावायचं आणि पोटात अन्नाची नळीही तेव्हाच टाकायची, त्याला उशीर करायचा नाही.

रणजितमामाला हे काही पटलं नाही. मास्क म्हणजे हात टेकणं, असं त्याचं मत. त्याने बारामतीत फिजिओथेरपीवाले अनिमेषसर शोधले. त्यांच्याकडे डब्याएवढं यंत्र होतं, चार वायरी आणि चार चिकट पट्ट्या. बरगड्यांखाली पट्ट्या लावून बटण दाबलं की गोकुळचं पोट आपोआप उडायचं. "दाजी, श्वासाचा पडदाच हलवतंय बघा ह्ये," मामा म्हणायचा. रोज सकाळी अर्धा तास करंट. आणि फरक पडतोय का, हे बघायला प्रतिक्षाची वही होतीच.

सामने झाले. प्रतिक्षाच्या संघाने फायनल मारली. येताना जीपमध्ये तिने ठरवलं होतं, की घरी गेल्या गेल्या सांगायचं, मोजायला चुकलं म्हणून. पण घरात मामा पेढे घेऊन बसला होता. पेढे तिच्या विजयाचे असतील असं तिला वाटलं. ते सव्वीसचे होते. अनिमेषसरांनी वहीच्या पानाचा फोटो मागवला होता आणि दुसऱ्या पेशंटांना पाठवलाही होता. सारजा रोज पट्ट्या लावण्याआधी यंत्राला हळदकुंकू वाहायला लागली होती.

मग काय सांगणार?

पुढच्या रविवारी बावीस झाले, तिने सत्तावीस लिहिले. मग अठ्ठावीस. खरे चौदा झाले त्या दिवशी वहीत बत्तीस होते. दर वेळी ती आकडा सांगायची आणि पप्पा समोरच्या खिळ्यावर टांगलेल्या शिट्टीकडे बघत राहायचे. तिला वाटायचं, आता नीट कळत नसेल त्यांना.

एका सकाळी ते हलवूनही नीट जागे होईनात. गाडी थेट पुण्याला नेली. विनया मॅडमनी वही पाहिली, श्वास मोजायच्या आपल्या मशीनवरचा आकडा पाहिला, पुन्हा वही पाहिली.

"कुणी मोजलं हे?"

"मी."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "होते गं चूक मोजताना." मग त्यांनी समजावून सांगितलं. नसच सुकलेली असताना करंट देऊन श्वासाचा पडदा बळकट होत नाही. परदेशात ऑपरेशन करून आत तारा बसवूनही बघितलंय, तर ज्यांना बसवल्या, ते न बसवलेल्यांच्या आधी गेले. तुमच्या पट्ट्यांनी एवढंच झालं, की तीन महिने गेले. मास्क आज लावू, पण नळीचं आता धोक्याचं आहे. तेवढा श्वास उरलेला नाही.

घरी आल्यावर गोकुळला घोटभर पेज उतरायला पाऊण तास लागायचा. सारजा मात्र येईल त्याला सांगायची, की करंटचं मशीन मध्येच बंद पाडलं म्हणून झालं हे सगळं, बत्तीसपत्तुर गेलं हुतं.

कळंबच्या सिंधुबाईलाही तिने तेच सांगितलं. सिंधुबाई सकाळच्या एसटीने आली होती, डाळिंबांची पिशवी घेऊन. तिच्या नवऱ्याला हाच आजार होता आणि तिच्या मोबाईलमध्ये वहीच्या पानाचा फोटो होता. "मला जास्त काय कळत न्हाय बाई," ती म्हणाली. "पुण्याचे डाक्टर मास्क लावा म्हणत्यात. मालक म्हणत्यात, पंचांसारखं मशीन लावू. कुठं नेऊ येवढं सांगा."

सारजाने वही काढून तिच्या मांडीवर ठेवली. प्रतिक्षा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बत्तीस खोटे आहेत, एवढंच सांगायचं होतं. चढाईला ती सात जणींच्या मध्ये एकटी घुसायची, इथे उंबरा ओलांडवत नव्हता.

खाटेवर गोकुळने मान हलवली. मास्क काढ, असं डोळ्यांनी सांगितलं. सारजा नको नको म्हणत असताना प्रतिक्षाने तो काढला.

"मोज," ते म्हणाले.

कबड्डी, कबड्डी. आवाज घशातल्या घशात होता, पण शब्द सुटे ऐकू येत होते. सिंधुबाई वही धरून ऐकत होती. मध्ये एकदा त्यांना चोरून श्वास घेता आला असता. त्यांनी घेतला नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या आणि आवाज थांबला.

"नऊ," प्रतिक्षा म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

"आन् ह्ये बत्तीस?" सिंधुबाईने विचारलं.

"वही खोटी," गोकुळ म्हणाले. पुढचं बोलायला त्यांना तीन श्वास लागले. "मला ऐकू येत हुतं. पैल्या दिसापासनं."

मग डोळे मिटून म्हणाले, "पंच चुकला."

सारजाने लेकीकडे पाहिलं. मास्क परत लावला, पट्टा कानामागे सारखा केला, आणि प्रतिक्षाचा हात मदतीला पुढे आला तेव्हा आपल्या हाताने तो बाजूला केला.

"मंग पुण्यालाच नेते," म्हणत सिंधुबाई उठली. डाळिंबांची पिशवी खाटेपाशी ठेवली, पेजेची वाटी दिसली तशी परत उचलली आणि बाहेर ओट्यावर ठेवून गेली.

प्रतिक्षा वही घेऊन बसली. मास्कचं मशीन एका सुरात चाललं होतं. बत्तीसवर तिने काट मारली, मग एकतीसवर, तीसवर. मागे मागे जात ती पहिल्या सव्वीसपाशी आली आणि पेन थांबलं. त्याच्याखाली तिने त्या आठवड्यात लाल शाईने फायनलचा स्कोअर लिहिला होता. सांगवी ३१, इंदापूर २४.

तो तेवढा खरा होता.