बाहेरचं आम्ल

"हा आकडा इतका कमी कसा?" साहेबांनी अहवाल टेबलावर टाकला.

"माल तसा आहे म्हणून," बाई म्हणाल्या.

प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या तपासनीस बाईंना सगळे नुसतं बाईच म्हणत. उत्प्रेरकाची प्रत्येक खेप त्यांच्या हातून पुढे जायची. हा उत्प्रेरक म्हणजे झिओलाइट नावाचं खनिज; त्याच्या पांढऱ्या दाण्यात डोळ्यांना न दिसणारे बोगदे असतात. आत आम्लाच्या जागा असतात, तिथे रेणू घडतात, आणि बोगदा इतका अरुंद की सडपातळ रेणूच झटकन बाहेर निसटतो. कारखान्याला नेमका तोच हवा असतो; अहवालातला आकडा म्हणजे त्याचंच प्रमाण. पण दाण्याच्या बाहेरच्या अंगावरही आम्ल राहिलं, तर निसटलेला रेणू तिथे पुन्हा वेडावाकडा होतो. आतल्याने कमावलं आणि बाहेरच्याने उधळलं, असला संसार. म्हणून दाण्याला वरून लेप देतात. या खेपेचा लेप नीट बसलाच नव्हता.

"भट्टी पन्नास अंशांनी उतरवा आणि परत चाचणी घ्या," साहेब म्हणाले. "आकडा सुधारेल."

"सुधारणारच. भट्टी थंड केली की काम कमी, आणि काम कमी झालं की बिघाडही कमी दिसतो. दिवसभर झोपलेला माणूस कुणाशी भांडत नाही, म्हणून काय त्याला शहाणा म्हणायचं?"

"बाई, उगाच फाटे फोडू नका."

"मी जाडजूड रेणू सोडूनही पाहिला. तो बोगद्यात शिरूच शकत नाही. तरी फुटला. मग त्याला फोडलं कुणी?"

"ती चाचणी करायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?"

"कुणी नाही."

साहेबांनी आवाज खाली आणला. "नवा अहवाल द्या, नाहीतर सोमवारपासून पाण्याच्या खोलीत बसा."

पाण्याची खोली म्हणजे बॉयलरच्या पाण्याच्या बाटल्या आणि एक डुगडुगतं स्टूल. इथलं यंत्र बाईंनी लेकरासारखं सांभाळलं होतं. ते सोडायचं म्हटल्यावर रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला. त्या तडक गोदामात गेल्या आणि त्या खेपेच्या एकोणीसच्या एकोणीस पिंपांवर नापासाची लाल चिठ्ठी चिकटवून आल्या.

दुपारी ट्रक लागला. हमालांनी पिंपांना हात लावला नाही. साहेब तणतणत आले आणि पहिली चिठ्ठी नखाने खरवडू लागले.

हमालांचा मुकादम वही घेऊन पुढे झाला. "साहेब, आधी इथं. चिठ्ठी जो काढेल त्यानं कारण लिहायचं, खाली सही करायची."

"बाई, या इकडे. करा सही."

"मी लावणारी," बाई जागच्या हलल्या नाहीत. "सही काढणाऱ्याची."

साहेबांनी पेन उघडलं. वहीवर धरलं.

"कारण काय लिहू?" त्यांनी कुणाकडेच न बघता विचारलं.

"खरं असेल ते लिहा. मीही तेच केलंय."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते निघून गेले. ट्रक रिकामा परतला.

जाता जाता मुकादम म्हणाला, "बाई, आता तुमचं काही खरं नाही."

"माहितेय रे."

सोमवारी बाई पाण्याच्या खोलीत डुगडुगत्या स्टुलावर बसल्या. पहिल्याच बाटलीचा आकडा मर्यादेबाहेर निघाला. त्यांनी चाचणी पुन्हा केली. आकडा तोच आला. बाईंनी चष्मा पुसला, आणि तो आकडा अहवालात जसाच्या तसा लिहून खाली सही केली.