टाकीचं पथ्य

वसतिगृहाला सुट्टी लागली, मुलं आपापल्या घरी गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचं सांडपाणीही गेलं. मागे उरले शुद्धीकरणाच्या टाकीतले जिवाणू आणि त्यांची देखभाल करणारे टाकीवाले काका. मैल्यावर गुजराण करणाऱ्यांवरही उपासमारीची वेळ यावी, म्हणजे नामुष्कीच.

व्यवस्थापकांनी मळीचे कॅन पाठवले. साखर कारखान्यात उरतो तो काळा, दाट पाक.

"पाण्यात कालवून रोज सकाळी एक मग," ते म्हणाले. "जगले पाहिजेत. मुलं आल्यावर पाणी स्वच्छ निघालं नाही, तर सगळं उपसून टाकू आणि नवे जिवाणू मागवू."

उपसून! काकांच्या घरात मूलबाळ नव्हतं. जो काही कोट्यवधींचा गोतावळा होता तो या टाकीत होता.

शिवाय काकांना मधुमेह होता. घरी साखरेचा डबा काकूंच्या कुलपात असे आणि चहा असा, की कपालाही दया यावी.

पहिला मग त्यांनी जपून ओतला. उन्हात मळीचे सोनेरी दोरे पाण्यात उलगडत गेले. तळातून हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे बुडबुडे चढले, फुटले. काकांना मिटक्या मारल्याचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला. त्यांनी डोळे मिटले, तर स्वतःचंच तोंड गोड झालेलं.

"घ्या अजून, लाजू नका," ते म्हणाले.

मगाची बादली कधी झाली ते कळलं नाही. दुपारभर ते काठावरच्या खुर्चीत तरंगत असत. टाकी म्हणजे एक मोठं तपकिरी जनावर, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं. त्याचा उबदार, गोडसर श्वास गळ्याशी येई. ब्लोअर अंगाई म्हणे. कोण कुणाला झोपवतंय याचा पत्ता नसे.

मग पाण्यावर पांढरा फेस आला. तपासणीच्या उंच काचेच्या भांड्यात गाळ तळाला बसेना, ढगासारखा लोंबकळत राहिला. अशक्तपणा असेल म्हणून काकांनी अर्धी बादली वाढवली.

घरी काकूंनी शर्ट हुंगला. "कुठे खाऊन आलात?"

"शप्पथ, मी नाही खाल्लं. त्यांनी खाल्लं."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

दुसऱ्या दिवशी काकू थेट टाकीवर हजर. त्यांनी फेसाकडे पाहिलं, मग काकांच्या पोटाकडे, मग पुन्हा फेसाकडे.

"किती देता?"

"एक मग."

"अहो."

"...बादली. दीड."

"तरीच! सुस्तावलेत मेले. डिट्टो तुम्ही."

प्रशिक्षणात शिकवलं होतं: गोड फार झालं की दोऱ्यांसारखे जिवाणू माजतात आणि गाळाला खाली बसू देत नाहीत. काकांना ते तोंडपाठ होतं. पथ्याची माहिती त्यांना कुठल्याच बाबतीत कमी नव्हती.

"उपसतील गं यांना," ते हळूच म्हणाले.

पदर खोचून काकूंनी कॅन शेडमध्ये नेले, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. त्या दिवसापासून रोज सकाळी एक मग, तोही काठाला बोट लावून सपाट केलेला. ब्लोअर पूर्ण वेगात. "खाल्लं की हातपाय हलवायचे," त्यांनी टाकीला बजावलं.

मुलं परतली त्या सकाळी व्यवस्थापक आले. काकांनी टाकीतल्या पाण्याने तपासणीचं भांडं भरून ठेवलं. तपकिरी ढग आधी तसाच राहिला; मग वरून अगदी बारीक, पहाट फुटावी तशी पाण्याची एक स्वच्छ रेघ उघडली. ती रुंदावत गेली. गाळ खाली जाऊन शहाण्यासारखा बसला.

"ठीक आहे. राहू द्या यांनाच," व्यवस्थापक म्हणाले आणि गेले.

काकूंनी थर्मास उघडून दोघांना चहा ओतला. बिनसाखरेचा. काका कप घेऊन काठाशी गेले. वसतिगृहाकडून पहिलं पाणी खळखळत येत होतं. एक बुडबुडा वर आला आणि रुसल्यासारखा फुटला.

काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने काका खाली वाकले.

"होते सवय," ते म्हणाले.