लाल जाकिटातले पाहुणे

मी बुजगावणं बोलतोय. थांबा, थांबा, लगेच शेतात जाऊ नका! उभ्या आयुष्यात मी एक कणीससुद्धा पाहिलेलं नाही. मी जहाजावरचं बुजगावणं आहे. आता तुम्ही विचाराल, भर समुद्रात कसले पक्षी हाकलायचे? अहो, पक्षी नव्हे, चाचे! लहानशा होड्यांतून, शिड्या घेऊन, मालवाहू जहाजांवर चढणारे खरेखुरे समुद्री चाचे. लांबून बघितल्यावर त्यांना वाटावं की कठड्याशी पहारा आहे, म्हणून माझा जन्म.

जहाजातल्या रंगाच्या कोठीत मला घडवलं. आई नाही, पण बाप अस्सल, आमचे सारंग. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्यांनी आपला जुना बॉयलरसूट, म्हणजे शर्ट-पँट एकत्र असलेला कामाचा पोशाख, काढला आणि त्यात इंजिनरूममधल्या तेलकट चिंध्या ठासून भरल्या. रंगाचा रिकामा डबा उपडा करून डोकं केलं, हातमोज्यांचे पंजे केले. पायात एक काळा बूट आणि एक तपकिरी, कारण अख्खी जोडी द्यायला कुणी तयार होईना. स्वयंपाकघर सांभाळणारा भंडारी कुंचला घेऊन माझी मिशी काढायला बसला आणि नेमकं तेव्हाच जहाज कललं. डावी मिशी वर गेली ती गेलीच! पण रुबाब काय विचारता. हातात बंदूक म्हणून पाइपचा तुकडा, नजर थेट क्षितिजावर.

"काय पाहुणे, चहा घेणार ना?" भंडारी म्हणाला आणि तेव्हापासून माझं नाव पाहुणे पडलं. काम काडीचं नाही, नुसतं उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारपूस करायची. दुसरं कुठलं नाव मला शोभलं असतं?

एक गोष्ट मला लवकरच कळली. माणसांना बोलायला माणूस लागतो, पण मन मोकळं करायला माणूस नसलेला चालतो. पत्त्यांत हरलेला, घरची आठवण आलेला, साहेबाची बोलणी खाल्लेला, जो तो येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. सारंग तर रोज यायचे. वर्षानुवर्षं गंज ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे ते गुपितसुद्धा ओरडूनच सांगायचे. मला सांगितलेलं अख्ख्या डेकला कळायचं.

"पाहुणे, मी जन्मभर पाण्यावर राहिलो. बायकोनं घर एकटीनं ओढलं. लेकीला एकच सांगितलं होतं, कुणाशीही लग्न कर, पण जहाजावरच्या माणसाशी करू नकोस. आणि तिनं केलं कुणाशी? जहाजावरच्या इंजिनिअरशी!"

तो इंजिनिअर पुढे आमच्याच जहाजावर आला. सारंगांची ही शेवटची फेरी होती, त्यानंतर निवृत्ती. जावयानं मुद्दाम खटपट करून हेच जहाज मिळवलं होतं. येताना त्यानं बायकोनं दिलेलं एक लालभडक जाकीट आणलं. "बाबांना थंडी सोसत नाही" असा तिचा निरोप होता. सारंगांनी जाकीट घेतलं, अंगात घातलं आणि आणणाऱ्याशी एक शब्द न बोलता चालू लागले! जाकीट मात्र त्यांच्या अंगावरून उतरेना. जावई समोरून आला की सारंगांची नजर समुद्राकडे. तो बिचारा "सारंगकाका, नमस्कार" म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता खाली इंजिनरूममध्ये जायचा.

एकदा तोही माझ्याजवळ आला. "पाहुणे," तो हळूच म्हणाला, "घरी बाळ येणार आहे. निघताना तिनं हात धरून सांगितलं, बाबांना सुखरूप घरी आण. पण हा माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो. कसं आणू?"

सासरा आणि जावई दोघंही माझ्याशी बोलत, पण एकमेकांशी नाही. माझा मात्र जीव टांगणीला लागला.

अशात युद्ध पेटलं. दोन शेजारी देशांचं भांडण, पण त्याची झळ सगळ्या समुद्राला. त्यांच्या किनाऱ्याला लागूनच एक सामुद्रधुनी होती, इतकी चिंचोळी की दोन्हीकडचे डोंगर दिसावेत. तिथून जाणाऱ्या जहाजांवर ड्रोन येऊन आदळायला लागले. मोठमोठ्या कंपन्यांनी आपली जहाजं वळवली, अख्ख्या खंडाला वळसा घालून ती लांबच्या वाटेनं जाऊ लागली. आम्हाला ती सोय नव्हती. आमच्या पोटात गहू होता आणि तो ज्या बंदरात उतरवायचा ते सामुद्रधुनीच्या आतच होतं. तिथल्या पिठाच्या गिरण्या बंद पडत चालल्या होत्या. जायचं तर तिथूनच जायचं!

सामुद्रधुनीच्या तोंडाशी नौदलाची एक अधिकारी बाई आमच्या जहाजावर आली. सगळ्यांना डेकवर जमवून तिनं सांगितलं, तेव्हा मी तिच्या शेजारीच उभा होतो. काय ऐट सांगू!

"ड्रोन सोडणारे हे लोक जहाजं बुडवायला येत नाहीत," ती म्हणाली. "त्यांना रस्ता बंद करायचाय. एका जहाजाला आग लागली की दहा कप्तान वळसा घालतात. आमची युद्धनौका मोठी आहे, पण प्रत्येक जहाजामागे एक युद्धनौका कुठून आणणार? म्हणून सगळ्यांनी रांगेत यायचं, आमच्या मागोमाग. वाटेत कुणी थांबायचं नाही."

"आणि तरी एखादं ड्रोन आलंच तर?" भंडाऱ्यानं विचारलं.

"त्याच्या नाकावर कॅमेरा असतो. लांब कुठल्यातरी खोलीत बसून कुणीतरी ते चालवतं. जिथं माणसं दिसतील तिथं नेम धरतात."

हे ऐकून आमच्या कप्तानांची नजर हळूच माझ्याकडे वळली. "सारंग," ते म्हणाले, "माणसं हवीत ना त्यांना? मग दाखवू या की. पाहुण्यांना पुढे न्या. तिथं ना इंजिन, ना आपण."

बघा हं, आयुष्यभर माझं काम काय होतं? "येऊ नका" म्हणायचं. आता मला बढती मिळाली, "या" म्हणायची! माझा उत्साह बॉयलरसूटमध्ये मावेना. सारंगांनी झाडूच्या दांड्यांची दोन किडकिडीत भावंडं मला करून दिली. आम्हाला जहाजाच्या पुढच्या टोकाला, नांगर ओढायच्या यंत्राजवळ उभं केलं. माझा बॉयलरसूट उन्हानं पांढरा पडला होता, तो कॅमेऱ्यात काय दिसणार? मग सारंगांनी अंगातलं लाल जाकीट काढलं आणि मला घातलं. डब्याच्या डोक्यावर आपलं हेल्मेटही ठेवलं.

"सांभाळा हं पाहुणे," ते ओरडले. "लेकीनं दिलंय!"

सकाळचा चहा झाला आणि आमची रांग निघाली. पुढे करड्या रंगाची युद्धनौका, मागे आम्ही एकामागे एक, जणू वरातच, फक्त बँडबाजा नव्हता. समोर वारा, दोन्ही बाजूंना डोंगर आणि सगळ्यांत पुढे कोण? मी! कप्तान जिथून जहाज हाकतात त्या उंचावरच्या खोलीतून, म्हणजे ब्रिजवरून, जे दिसत असेल ते मला आधी दिसत होतं. इतका मान कुठल्या बुजगावण्याला मिळालाय?

ब्रिजवरचे सोडले तर बाकीचे सगळे जहाजाच्या मागच्या बाजूला, खालच्या पोलादी खोलीत बसले होते. आता गंमत अशी, की सारंगांचे कान गेले तरी डोळे घारीचे. त्यामुळे आयत्या वेळी कप्तानांनी त्यांना टेहळणीला ब्रिजवर बोलावून घेतलं. हे खाली कुणाला कळलंच नाही. भंडाऱ्यानं माणसं मोजली, तर एक कमी. "सारंग कुठायत?" तो म्हणाला. कुणालाच ठाऊक नाही. जावई ताडकन उठला.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला कळलं ते एवढंच, की हवेत कुठेतरी मोपेड चालल्यासारखा फटफट आवाज येतोय. मग तो दिसला, डोंगराच्या कडेनं येणारा काळा ठिपका. त्याच्यामागे दुसरा. युद्धनौकेनं तोफ डागली आणि पहिला ठिपका पाण्यात पडला. वा रे पठ्ठे! मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. दुसरा मात्र खाली झुकला, लाटांना चिकटून आमच्या दिशेनं आला.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून हाक आली.

"बाबा!"

मला? बाबा? मला तर वळताही येत नव्हतं. मागे लोखंडी डेकवर बुटांचा धडधड आवाज येत होता. जावई डेकवर येऊन बघतो तर काय, अगदी टोकाला, लाल जाकिटात, हेल्मेट घालून, त्याच्याकडे पाठ करून सासरे उभे! त्यानं जीव खाऊन हाक मारली. सासरे वळेनात. तो पुन्हा ओरडला. तरी वळेनात. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. ह्याला कशी येणार? जाकीट मला घातलं तेव्हा हा खाली इंजिनरूममध्ये होता. ह्याच्या सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं आणि आलं तरी ते ह्याला कधी उत्तर देत नव्हते. ह्याला तर हीच सासऱ्यांची खूण!

अहो, तो धावला! इतकं लांबलचक डेक, समोरून येणारं ते भूत, आणि हा सुरक्षित खोली सोडून माझ्यासाठी, चिंध्यांसाठी, धावत सुटला. "बाबा, चला! माझ्यावर राग असू दे, पण आत चला! तिला काय सांगू मी?" असं म्हणत त्यानं माझा हात धरला आणि खसकन ओढला.

हात खांद्यापासून निघून त्याच्या हातात आला. लाल बाही, तिच्यातून लोंबणाऱ्या चिंध्या. त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

त्याच क्षणी डेकवरचे सगळे भोंगे कडाडले. वर ब्रिजवर सारंगांनी कप्तानांच्या हातातून माईक ओढून घेतला होता. त्यांना एरवीही ओरडायचीच सवय, त्यात आता माईक!

"अहो जावईबापू! मागं फिरा! तो मी नाही! मी इथं आहे, वर! पळा! तुम्हाला काही झालं तर मी लेकीला तोंड कसं दाखवू? पळा हो, पोरा, पळ!"

अख्ख्या जहाजानं ऐकलं. मला वाटतं मागच्या जहाजानंही ऐकलं असेल. आजवर न बोललेलं सगळं त्या एका दमात होतं. जावई वळला आणि सुसाट पळाला, माझा हात तसाच मुठीत धरून. गव्हाच्या कोठाराभोवती लोखंडी भिंत होती, तिच्यामागे त्यानं अंग झोकून दिलं.

आता राहिलो मी. फटफट आवाज अगदी जवळ आला. त्या काळ्या नाकावरचा डोळा मी पाहिला आणि त्यानं मला पाहिलं. मी माझी वाकडी मिशी तशीच ताठ ठेवली. म्हटलं, या!

धडाड!

कठडा पिळवटला, नांगराचं यंत्र काळं पडलं, माझी भावंडं आणि माझं डोकं समुद्रात गेलं. पण इंजिन चालूच राहिलं, सुकाणू शाबूत राहिलं, आणि दुपारी आमचा गहू बंदराला लागला. जावयाचे गुडघे फुटले होते आणि कानांत शीळ वाजत होती, बाकी माणूस धडधाकट. सारंग जिना उतरून धापा टाकत आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. जावयानं हातातली लाल बाही पुढे केली.

"तुमचं जाकीट फाटलं, बाबा."

"फाटू दे," असं म्हणून सारंगांनी त्याला मिठी मारली, आणि दोघंही पोटभर रडले. भंडारी चहा घेऊन आला, पण त्याला मध्ये पडायचा धीर होईना. चहा गार झाला.

तर मंडळी, आता मी एवढाच उरलोय. एक हात, लाल बाहीतला. दोघांनी मला घरी आणलं. लेकीनं हसत, रडत मला धुतलं, तेलकट चिंध्या काढून स्वच्छ कापूस भरला आणि दोन्ही टोकं शिवून टाकली. बाळाच्या पाळण्यात मी लोड म्हणून असतो. सासरे-जावई आता इतके बोलतात की लेक कानांवर हात ठेवते. सासरे ऐकू येत नाही म्हणून ओरडतात, जावई त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडतो आणि बाळ मधल्यामध्ये खुदकन हसतं.

उद्या जावई पुन्हा निघालाय, त्याच वाटेनं. युद्ध अजून संपलेलं नाही. आज सारंगांनी आपला दुसरा जुना बॉयलरसूट घडी करून त्याच्या बॅगेत घातला. "नवे पाहुणे करा," म्हणाले, "आणि ह्या खेपेला दोन्ही मिश्या सारख्या काढा."

मी पाळण्यात पडल्या पडल्या विचार करतो. बुजगावण्याची आयुष्यात एकच हौस असते, कुणीतरी आपल्याला खरा माणूस समजावं. माझी ती हौस एकाच सकाळी दोनदा पुरी झाली. दोघांनी मला लांबून पाहिलं आणि दोघांनाही मी माणूसच वाटलो. एक जण मला वाचवायला जिवावर उदार होऊन धावला. दुसऱ्यानं कुठल्यातरी खोलीत, पडद्यासमोर बसून, शांतपणे नेम धरला.

त्या दुसऱ्याचा मला राग नाही. पण तो कधी हे वाचत असेल तर मला त्याला एवढंच सांगायचंय. बाबा रे, मी चिंध्यांचा होतो हे तुला ठाऊक नव्हतं. पडद्यावर तुला लाल जाकीट घातलेला, कुणाचा तरी बाप दिसत होता. उद्या पुन्हा एक जहाज तिथून जाईल. त्याच्या टोकाला कुणी उभं दिसलं, तर ते माणूस आहे की पाहुणे, हे शोधत बसू नकोस. माणूसच आहे असं धर आणि जाऊ दे त्याला.

चला, बाळ जागं झालं. त्यानं मला घट्ट धरलंय. आता मला हलता येणार नाही.