टाकीच्या तोंडाशी

"फळ्यावर विसंबू नकोस, पोरी. आत डोकं घालून हाक मार," रंगारीकाकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ती हसली होती. फर्स्ट क्लासमध्ये डिप्लोमा काढलेल्या बाईला बिल्ले मोजता येत नाहीत की काय?

गोदीत पाणबुड्या हुडकणारं जहाज तयार होत होतं. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात फिरणारं, आराखड्यापासून रंगापर्यंत सगळं इथलंच. त्याच्या तळाशी माणूस रांगतच शिरेल अशा टाक्या. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला तोंडाशी फळ्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. फळा रिकामा झाला की आत ताजी हवा सोडणारा पंखा बंद करून झाकण लावायचं, हे तिचं काम.

त्या दुपारी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दहा महिन्यांच्या बाळाला सकाळपासून ताप. जेवणाचा भोंगा झाला, रंगाऱ्यांची टोळी हसत-खिदळत बाहेर पडली. फळा रिकामा. झाकण नंतर लावू म्हणत तिनं पंखा बंद केला आणि बाजूला जाऊन आईला फोन लावला.

"झोपलाय गं."

"जवळ जाऊन बघितलंस?"

"इथून दिसतोय की. पडलाय शहाण्यासारखा."

"आई, लांबून कसं कळणार तुला? हात लावून बघ ना."

"तुझा जीव सदा टांगणीला." कुरकुरत आई उठली. "आहे बाई, घोरतोय चक्क."

पण तिला ते ऐकूच आलं नाही. स्वतःचंच वाक्य डोक्यात घुसलं होतं: लांबून कसं कळणार? बाहेर पडलेल्या टोळीत काका दिसलेच नव्हते. ती धावली, टाकीत डोकं घातलं. रंगाचा उग्र भपका.

"काका?"

ती आणखी आत वाकली. पुन्हा हाक मारली तेव्हा आत पत्र्यावर काहीतरी खरडल्यासारखं वाजलं.

तिनं पंखा लावला, गजर दाबला. मास्कवाल्या दोघांनी काकांना ओढून बाहेर काढलं. एक कोपरा राहिला म्हणून ते मागे थांबले होते. आणि रांग नको म्हणून टोळीतल्या एकानं सगळ्यांचे बिल्ले, काकांचाही, एकदम उचलले होते, रोजच्यासारखे.

काका वाचले. पण हात कापतात, ब्रश धरवत नाही. चौकशीत एवढंच म्हणाले, "तिला कशाला विचारता? बिल्ला माझा होता."

जहाज पाण्यात उतरलं तेव्हाही ते आले नाहीत. एकटेच राहतात. ती दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परतली. आता त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाला ती गळ घालते, तुम्हालाही घालेल: गोदीच्या मागच्या फाटकासमोर, तिसरा मजला, निळं दार. उघडायला वेळ लावतात, थांबा जरा. चहा मीच करतो म्हणतील, करू द्या. कप हिंदकळेल, तिकडे बघू नका. आणि कसे आहेत, तेवढं येऊन सांगा.